शिलिंगबाईंचा वॉशर

स्कूटर सुरू होईना की ती एका अंगावर कलती करायची, क्षणभर थांबायचे आणि मग किक मारायची, हा धडा आपल्यापैकी अनेकांनी गिरवला आहे. गाडी कलली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोलही जागा बदलते, हे आपण पुस्तकात वाचण्याआधी असे पायानेच शिकलो. पण हीच गोष्ट आकाशात, शत्रू समोर असताना घडली तर? १९४० साली इंग्लंडच्या वैमानिकांवर नेमकी ही वेळ आली होती. त्यावर उपाय शोधला एका महिला इंजिनिअरने. त्यांचे नाव बिअॅट्रिस शिलिंग.

८ मार्च १९०९ रोजी हॅम्पशायरमधील वॉटरलूव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. वडील खाटकाचा व्यवसाय करीत. मुलीला बाहुल्यांपेक्षा हत्यारांची आवड. चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटारसायकल घेतली आणि ती खोलून पुन्हा जोडण्यात रमू लागली. पुढे मार्गारेट पार्ट्रिज या महिला वीज-कंत्राटदारांकडे उमेदवारी केली. त्यांच्याच प्रोत्साहनाने ती मँचेस्टर विद्यापीठात गेली. १९३२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९३३ मध्ये यांत्रिकी विषयात एम.एस्सी. इंजिनिअरिंगच्या वर्गात मुलगी दिसणे हीच तेव्हा नवलाई होती.

शिक्षण चालू होते तशी शर्यतही चालू होती. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या प्रसिद्ध धावपट्टीवर शिलिंगबाईंनी आपल्या ५०० सीसी नॉर्टनवर ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाने फेरी मारून तिथला 'गोल्ड स्टार' मिळवला. गाडीतल्या सुधारणाही त्यांच्याच हातच्या. जॉर्ज नेलर यांच्याशी त्यांचे लग्न १९३८ मध्ये झाले. नवऱ्यानेही आधी गोल्ड स्टार मिळवावा, अशी त्यांची अट होती असे सांगतात!

१९३६ मध्ये त्या फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाल्या. सुरुवातीचे काम तांत्रिक पुस्तिका लिहिण्याचे. पण मन आणि हात दोन्ही इंजिनातच. युद्ध सुरू झाले तेव्हा कार्ब्युरेटर संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. त्याला कार्ब्युरेटर जाणूनबुजून ठेवला होता. पेट्रोलची वाफ होताना आत जाणारी हवा थंड होते आणि इंजिनाची ताकद वाढते. जर्मन मेसरश्मिटमध्ये मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. त्यामुळे जर्मन वैमानिक संकटात सापडला की विमानाचे नाक झटकन खाली दाबून सूर मारी. इंग्रज वैमानिकाने तसेच केले की त्याचे इंजिन अडखळे.

कारण असे. नाक एकदम खाली गेले की कार्ब्युरेटरच्या कप्प्यातले पेट्रोल वर उसळून छताला चिकटे. जेट उघडे पडत आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. पाठोपाठ फ्लोटचे गणित बिघडे, सुईची झडप सताड उघडी राही आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत लोटी. आता इंजिनाला अजीर्ण! काळा धूर ओकत ते बंद पडे. म्हणून वैमानिक आधी विमान उलटे करून मग सूर मारीत. तेवढ्यात शत्रू निसटून जाई.

शिलिंगबाईंनी साधा विचार केला. इंजिनाला पूर्ण ताकदीवर जेवढे पेट्रोल लागते, त्यापेक्षा पंप कितीतरी जास्त देऊ शकतो. मग नळीतच मोजून मापून पाडलेले एक भोक ठेवले तर? त्यातून कमाल गरजेइतकेच पेट्रोल जाईल. झडप सताड उघडी राहिली तरी पूर येणार नाही. सुरुवातीला हा भाग टोपणासारखा होता, पुढे नुसता वॉशरसारखा चपटा झाला. विमान सेवेतून काढायची गरज नाही. बाई आपल्या पथकासह विमानतळांवर जात, अनेकदा आपल्या जुन्या नॉर्टनवरून, आणि तो बसवून देत. मार्च १९४१ पर्यंत सगळ्या लढाऊ तुकड्यांच्या विमानांत तो बसला होता. वैमानिकांनी त्याला जरा चावट विनोदाने 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस' म्हटले. तोवर त्या मिसेस नेलर झाल्या होत्या, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

हा उपाय अर्धाच होता, हेही सांगायला हवे. पहिली क्षणभराची उपासमार त्याने गेली नाही, आणि फार वेळ उलटे उडणेही जमत नसे. १९४३ पासून दाबावर चालणारे नवे कार्ब्युरेटर आले, तेव्हा दुखणे मुळातून गेले. पण तोवरची दोन वर्षे त्या भोकाने निभावून नेली. परिपूर्ण यंत्र तयार होण्याची वाट पाहिली असती तर तोवर लढणाऱ्या पोरांचे काय?

युद्धानंतर त्यांनी ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रावर आणि ओल्या धावपट्टीवर विमानांची चाके घसरण्याच्या प्रश्नावर काम केले. 'ओबीई' हा सन्मानही मिळाला. फावल्या वेळात नवरा-बायको मोटारींच्या शर्यतीत उतरत. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यातले बरेच जण कारखान्यात, कार्यशाळेत, ड्रॉइंग ऑफिसात काम करणारे. मोठा प्रकल्प मंजूर होईपर्यंत आज रात्रीच्या पाळीत यंत्र कसे चालू ठेवायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अशा वेळी शिलिंगबाईंचा तो वॉशर आठवावा. मोजून पाडलेले भोक, तेही वेळेवर. त्यांनी दिले ते एवढेच, आणि तेच हवे होते.