मिखाईल त्स्वेत: पानातले रंग वेगळे करणारा शास्त्रज्ञ

खेळाडूची डोप टेस्ट, औषधाच्या गोळीची शुद्धता, भाजीवर उरलेलं कीटकनाशक. या तिन्ही तपासण्यांत एक तंत्र कॉमन आहे, ते म्हणजे क्रोमॅटोग्राफी. एकत्र मिसळलेले पदार्थ सुटे करायचे आणि मग त्यात काय काय आहे ते ओळखायचं, एवढंच तिचं काम. पण हे तंत्र औषध कंपनीत किंवा पोलिसांच्या लॅबमध्ये जन्मलं नाही. झाडाचं पान हिरवं का दिसतं, हे शोधणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने ते शोधलं. त्यांचं नाव मिखाईल त्स्वेत. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच 'रंग' असा होतो!

डिग्री आहे, पण चालत नाही

त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतल्या आस्ती गावात झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर थोड्याच काळात आई वारली आणि ते स्वित्झर्लंडमध्ये वाढले. जिनिव्हा विद्यापीठातून १८९६ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते रशियात गेले.

तिथे वेगळंच संकट उभं राहिलं. परदेशी डिग्री रशियात मान्यच नव्हती. डॉक्टरेट झालेल्या माणसाला पुन्हा मास्टर्स करावं लागलं. १९०१ मध्ये कझान विद्यापीठातून ती डिग्री मिळाल्यावर ते वॉर्साला गेले. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात त्यांना काम मिळालं, तेही सहायकाचं.

एक साधा प्रश्न

पानातले रंग बाहेर काढताना त्स्वेत यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पेट्रोलियम ईथर या द्रवात हिरवे रंग विरघळतात. मग पान वाटून त्यात टाकलं तर सगळे रंग उतरायला हवेत ना? पण उतरायचं ते फक्त पिवळं-नारिंगी कॅरोटीन. थोडं अल्कोहोल घातलं की मात्र हिरवा रंगही लगेच सुटायचा.

त्यांनी अंदाज बांधला की पानातल्या पेशींचे कण या रंगांना धरून ठेवत असणार. एखादा पदार्थ दुसऱ्याच्या पृष्ठभागाला असा चिकटून राहतो, त्याला अधिशोषण म्हणतात. खात्री करायला त्यांनी सुटे केलेले रंग फिल्टर पेपरमध्ये मुरवले आणि त्यावर पेट्रोलियम ईथर वापरून पाहिलं. तिथेही तेच झालं. म्हणजे कारण पानाच्या जिवंतपणात नव्हतं, चिकटण्यात होतं.

मग त्यांनी पुढचा विचार केला. प्रत्येक रंग कमी-जास्त जोराने चिकटत असेल, तर त्याच फरकाचा वापर करून रंग वेगळे का करू नयेत?

काचेच्या नळीतली शर्यत

त्यांनी काचेच्या अरुंद नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक पूड घट्ट भरली. वरून पानाचा अर्क ओतला आणि मागोमाग शुद्ध द्रव सोडत राहिले. हळूहळू नळीत रंगांचे पट्टे दिसू लागले. कॅरोटीन सगळ्यांच्या पुढे निघून गेलं. मागे पिवळी झँथोफिलं आणि दोन वेगवेगळ्या हिरव्या छटा उरल्या. एक निळसर हिरवी, दुसरी पिवळसर हिरवी. आज आपण त्यांना क्लोरोफिल ए आणि क्लोरोफिल बी म्हणतो.

हे कसं घडतं? समजा, चार मैत्रिणी तुळशीबागेच्या एका टोकाकडून एकदम निघाल्या. एक कुठेच थांबत नाही, एक दोन दुकानं बघते, एक प्रत्येक दुकानात शिरते. दुसऱ्या टोकाला चौघी वेगवेगळ्या वेळी पोहोचणार. खडूची पूड म्हणजे ती दुकानं. जो रंग जास्त चिकटतो, तो मागे पडतो.

मार्च १९०३ मध्ये त्यांनी या कामावर वॉर्सात व्याख्यान दिलं. १९०६ मध्ये जर्मन भाषेत दोन लेख लिहिले आणि पद्धतीला नाव दिलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे ग्रीकमध्ये रंगांचं लेखन. कोणती पूड चांगली, हे ठरवायला त्यांनी शंभराहून जास्त पदार्थ तपासले होते.

मोठ्या नावांपुढे

पण बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. नळीतून जाताना रंगच बदलत असतील, अशी त्यांची शंका होती. रिचर्ड विल्स्टेटर यांच्या लॅबने प्रयोग करून पाहिला, पण वापरलेली पूड इतकी तीव्र होती की क्लोरोफिलच खराब झालं. खरं तर पूड सौम्य हवी, हे त्स्वेत सांगत होते. दोष साहित्याच्या निवडीत होता, पण पद्धतच बदनाम झाली. क्लोरोफिल दोन प्रकारचं असतं, हे पुढे विल्स्टेटर यांच्या कामातूनही पक्कं झालं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या संशोधनासाठी १९१५ चं नोबेल मिळालं, ते विल्स्टेटर यांना.

त्याच वर्षी जर्मन सैन्याने वॉर्सा घेतलं. त्स्वेत यांची संस्था आधी मॉस्कोला आणि मग निझनी नोवगोरोदला हलली. पुढे एस्टोनियातलं तार्तू, तिथेही युद्ध पोहोचल्यावर वोरोनेझ. तब्येत ढासळत गेली आणि २६ जून १९१९ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते वारले. त्यांची पद्धत तेव्हा मोजकेच लोक वापरत होते.

बारा वर्षांनी

१९३१ मध्ये हायडेलबर्गला रिचर्ड कून, एडगर लेडरर आणि विंटरस्टाइन यांनी ती नळी पुन्हा बाहेर काढली. गाजरातलं कॅरोटीन एकच नसून त्याचे प्रकार आहेत, हे त्यांनी ती वापरून वेगळं करून दाखवलं. हे कून म्हणजे विल्स्टेटर यांचेच विद्यार्थी! त्यानंतर क्रोमॅटोग्राफी जगभर पसरली. १९५२ मध्ये तिच्या एका नव्या प्रकारासाठी मार्टिन आणि सिंज यांना नोबेलही मिळालं.

करून बघायचंय? फळ्यावरच्या खडूवर, खालून बोटभर उंचीवर, काळ्या स्केचपेनने ठिपका द्या आणि तळाशी अगदी थोडं पाणी असलेल्या वाटीत खडू उभा ठेवा. ठिपका पाण्याच्या वर राहायला हवा. पाणी चढू लागलं की बऱ्याच स्केचपेनच्या काळ्या शाईतून दोन-तीन रंग सुटे होतात. पाणी वर चढतंय आणि नळीत द्रव खाली उतरत होता, एवढाच फरक. चिकटण्याचं तत्त्व तेच.