थॉमस क्रॅन्मर : लेखणी धरणारा हात

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे नाशिकच्या किंवा मुंबईच्या अँग्लिकन मंडळीत वाढले, त्यांच्या घरी एक जाडसर मराठी प्रार्थनापुस्तक कधी ना कधी आपल्या पाहण्यात आले असेल. १९७० साली उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, पुढे उपासनेचे नवे विधी आले. तरीही वयोवृद्ध मंडळी गुडघे टेकून सामुदायिक पापकबुली म्हणू लागली की जुनीच वाक्ये त्यांच्या ओठांवर येतात. त्या वाक्यांचा मूळ इंग्रजी साचा ज्याने घडवला, तो कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर. आपल्या मुखी ज्याचे शब्द इतके रुळले, त्याचे नाव मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते, त्यांना बहुधा त्याचा शेवटचा दिवसच तेवढा माहीत असतो. तो दिवस समजायचा असेल, तर आधीची सव्वीस-सत्तावीस वर्षे पाहावी लागतात.

क्रॅन्मर १४८९ साली नॉटिंगहॅमशायर परगण्यातील अॅस्लॉक्टन या खेड्यात जन्मला आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकून तेथेच अध्यापक झाला. जोन नावाच्या मुलीशी विवाह केल्यामुळे त्याला ते पद सोडावे लागले. ती पहिल्याच बाळंतपणात वारली, मूलही गेले, आणि कॉलेजाने त्याला परत बोलावून घेतले. पुढे त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतली. चाळिशीपर्यंत तो ग्रंथांत रमणारा, सावकाश विचार करणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला शास्त्री होता. १५२९ चा उन्हाळा आला नसता, तर तो तसाच राहिला असता.

त्या वेळी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला आपली राणी कॅथरिन हिच्याशी झालेला विवाह रद्द करवून घ्यायचा होता. त्याला पुत्र हवा होता आणि ॲन बोलिनवर त्याचे मन जडले होते. परंतु कॅथरिन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी. १५२७ साली याच सम्राटाच्या बेबंद फौजांनी रोम शहर लुटले होते, आणि पोप सातवा क्लेमेंट त्याच्या धाकात होता. इंग्लंडच्या राजाचा विवाह रद्द ठरवून सम्राटाला दुखवणे पोपला परवडणारे नव्हते. अशा वेळी राजाच्या दोन अधिकाऱ्यांशी बोलताना क्रॅन्मरने सहज सुचवले, की हा प्रश्न रोमच्या न्यायालयात कुजत ठेवण्यापेक्षा युरोपातील विद्यापीठांच्या धर्मपंडितांपुढे का ठेवू नये? ही गोष्ट राजाच्या कानी गेली आणि क्रॅन्मरचा निवांतपणा संपला.

१५३२ साली त्याला वकील म्हणून सम्राटाच्या दरबारी पाठवण्यात आले. वाटेत न्युरेंबर्ग या ल्यूथरपंथी नगरात त्याची ओळख धर्मसुधारक ओसियांडर याच्याशी झाली, आणि त्याच्या पत्नीची भाची मार्गारेट हिच्याशी या दीक्षित पुरोहिताने गुपचूप लग्न केले. त्याच वर्षी कँटरबरीचे आसन रिकामे झाले आणि हेन्रीने त्यासाठी नेमके याचेच नाव काढले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटी सारा गुंता तिच्याशीच येतो. राज्यातील मंडळीवर देवाने राजालाच अधिकार दिला आहे, परदेशी बिशपाला नव्हे, असे क्रॅन्मर मनापासून मानीत होता. पुष्कळ दरबाऱ्यांसाठी हे मत सोयीचे होते. क्रॅन्मरच्या बाबतीत ती श्रद्धा होती. शास्त्रात राजाची आज्ञा पाळावी असे सांगितले आहे, म्हणून ती पाळावी, इतके सरळ.

त्या श्रद्धेपोटी त्याच्या हाताने कशाकशावर सही केली ते पाहा. मे १५३३ मध्ये त्याने कॅथरिनचा विवाह रद्द ठरवला आणि तिची मुलगी मेरी अनौरस ठरली. जूनमध्ये त्याने ॲनला मुकुट घातला. तीन वर्षांनी राजाचे मन फिरले, तेव्हा ॲनचा शिरच्छेद होण्याच्या दोन दिवस आधी तिचाही विवाह त्याने रद्द ठरवला. तिच्यासाठी त्याने राजाला एक पत्र लिहिले होते खरे, पण ते वाचताना वाटते की लिहिणारा प्रत्येक ओळीत एक पाऊल पुढे टाकतो आणि दीड पाऊल मागे घेतो. १५३८ साली प्रभुभोजनाविषयीच्या मतांसाठी जॉन लँबर्टला जाळण्यात आले. त्याच्याविरुद्ध वाद घालणाऱ्यांत क्रॅन्मर होता, आणि पुढे काही वर्षांनी लँबर्टच्याच मताजवळ तो स्वतः येऊन पोहोचला. १५५० साली जोन बोचर या स्त्रीला पाखंडी ठरवून जाळले, त्या निवाड्यातही त्याचा वाटा होता. आपण प्रॉटेस्टंट लोक त्याचे चरित्र सांगताना ही पाने भरभर उलटतो. ती उलटू नयेत.

पण त्याच हाताने दुसरेही काही लिहिले. १५३६ च्या ऑक्टोबरात विल्यम टिंडेलला ब्रसेल्सजवळ फिल्फोर्डे येथे गळा आवळून जाळण्यात आले. पवित्र शास्त्र इंग्रजीत आणणे हाच त्याचा ध्यास होता. जेमतेम वर्षभरात बहुतांशी त्याचेच भाषांतर दुसऱ्या नावाखाली छापून इंग्लंडात आले, आणि ते विकण्याची परवानगी राजाकडून मिळवण्यासाठी क्रॅन्मरने शब्द टाकला. टिंडेलचे नाव पुस्तकावर नव्हते, म्हणून राजाने परवानगी दिली. १५३९ साली प्रत्येक चर्चमध्ये ठेवण्यासाठी मोठ्या आकाराचे शास्त्र निघाले. त्याच्या १५४० च्या आवृत्तीला क्रॅन्मरची प्रस्तावना आहे. भाषांतराच्या कामात आयुष्य घालवलेल्या मला ही प्रस्तावना फार प्रिय आहे. शास्त्र वाचायला घाबरणारे आणि शास्त्र हाती आले म्हणून नुसते वाद घालीत सुटणारे, अशा दोघांनाही तो एकाच लेखात समजावतो.

त्याच १५३९ साली संसदेने पुरोहितांच्या विवाहाला जबर शिक्षा ठेवली, आणि आर्चबिशपाने आपल्या पत्नीला समुद्रापार तिच्या देशी पाठवून दिले. १५४३ साली कँटरबरीच्याच काही धर्मगुरूंनी त्याला पाखंडी ठरवण्याचा कट केला, तेव्हा हेन्रीने त्या आरोपांची चौकशी खुद्द क्रॅन्मरकडेच सोपवली. त्या लहरी राजाने ज्यांच्यावर शेवटपर्यंत माया केली अशी माणसे अगदी थोडी. २८ जानेवारी १५४७ रोजी राजाने प्राण सोडला तेव्हा त्याचा हात क्रॅन्मरच्या हातात होता.

गादीवर आला नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड, आणि कारभार त्याचा मामा सॉमरसेट याच्या हाती गेला. इंग्लंडात सुधारणेची वाट मोकळी झाली, आणि नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत ती बंद होऊ लागली. एप्रिल १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत पाचव्या चार्ल्सने प्रॉटेस्टंट राजांचा पराभव केला. पुढच्या वर्षी त्याने बहुतेक जुने विधी पुन्हा लादले. स्ट्रासबर्गचा वृद्ध सुधारक मार्टिन बुट्सर याला तेथून जावे लागले. क्रॅन्मरने त्याला केंब्रिजमध्ये आसरा दिला. इटालियन पंडित पीटर मार्टिर त्याआधीच ऑक्सफर्डला आला होता. इकडे ट्रेंट येथे १५४५ पासून रोमन धर्मपरिषद भरत होती. तिला उत्तर म्हणून सर्व सुधारकांची एक परिषद इंग्लंडात भरवावी, असे क्रॅन्मरच्या मनात होते. त्याने कॅल्विन, बुलिंगर, मेलांक्थॉन यांना पत्रेही लिहिली, पण ती परिषद कधी भरली नाही.

त्याऐवजी एक पुस्तक झाले. १५४४ साली राजा फ्रान्सवर स्वारी करण्याच्या तयारीत असताना, युद्धकाळातील सामुदायिक विनवणीसाठी त्याने पहिली इंग्रजी प्रार्थनामाला रचली होती. आता १५४९ साली सगळ्या उपासनेचे, बाप्तिस्म्यापासून मूठमातीपर्यंतचे, सामान्य प्रार्थनेचे पुस्तक इंग्रजीत आले. क्रॅन्मर नवे फार थोडे निर्माण करी. जुन्या लॅटिन प्रार्थना, जर्मन विधी, बुट्सरसारख्यांच्या सूचना समोर ठेवून तो त्यांचे सोने करी. त्याची एक लकब आम्हां भाषांतरकारांना शिकण्यासारखी आहे. पुष्कळदा तो एका अर्थासाठी दोन शब्द जोडून घेतो, एक लॅटिन वळणाचा आणि एक देशी. जसे आपण क्षमा म्हणू आणि लगेच माफीही म्हणू. त्यामुळे शिकलेला आणि न शिकलेला दोघेही त्या वाक्यात घरी असतात, आणि वाक्याला मोठ्याने म्हणता येईल अशी चाल येते. विवाहविधीत त्याने आणखी एक गोष्ट घातली. संततीसाठी आणि पाप टाळण्यासाठी विवाह, ही दोन कारणे जुनीच होती. पतिपत्नींनी सुखदुःखात एकमेकांना सोबत व आधार द्यावा, हे तिसरे कारण त्याने जोडले. पत्नीला वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागलेल्या माणसाने ते लिहिले, हे विसरू नये. पुरोहितांच्या विवाहाला त्याच वर्षी कायद्याने मान्यता मिळाली.

हे पुस्तक ९ जून १५४९ रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी देशभर सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावच्या लोकांनी आपल्या पुरोहिताला जुना मिस्सा म्हणायला भाग पाडले. बंड पेटले, कॉर्नवॉलचे लोक येऊन मिळाले, आणि एक्झेटर शहराला सुमारे पाच आठवडे वेढा पडला. स्कॉटलंडच्या लढाईसाठी भाड्याने आणलेले जर्मन आणि इटालियन शिपाई सरकारने या शेतकऱ्यांवर सोडले. हजारो मेले, क्लिस्ट सेंट मेरीजवळ तर हात बांधलेले कैदी कापले गेले.

बंडखोरांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी येत नाही, तेव्हा ही इंग्रजी उपासना आम्हांला नको. कॉर्नवॉलची भाषा वेगळी होती, वेल्सच्या भाषेच्या कुळातली. क्रॅन्मरने उत्तर लिहिले, की तुमच्यात लॅटिन जाणणारे त्याहूनही कमी आहेत. युक्तिवाद बिनतोड आहे. पण लोकांच्या भाषेत प्रार्थना हवी म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाला, मग तुमच्याच भाषेत ती करून देतो, असे म्हणणे सुचले नाही. वेल्सला १५६७ साली स्वतःच्या भाषेत प्रार्थनापुस्तक आणि नवा करार मिळाला, आणि वेल्श भाषा आजही जिवंत आहे. कॉर्नवॉलला काहीच मिळाले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील बोली घरांतून नाहीशी झाली. याला दुसरीही कारणे असतील. परंतु भिल्ल, वारली किंवा कोरकू बांधवांपुढे मराठी शास्त्र ठेवून, एवढे तर कळते ना, असे आपण म्हणतो, तेव्हा मला क्रॅन्मरचे ते उत्तर आठवते.

१५५२ साली त्याने पुस्तकाची अधिक सुधारित आवृत्ती काढली. आरंभी ज्या पापकबुलीचा उल्लेख केला ती याच आवृत्तीतली. ६ जुलै १५५३ रोजी एडवर्ड पंधराव्या वर्षी वारला. मरणाआधी त्याने गादी चुलत नात्यातील लेडी जेन ग्रे हिला देऊ केली होती, आणि बराच नकार देऊन शेवटी क्रॅन्मरने त्या कागदावरही सही केली, कारण राजाने मागितली. दोन आठवड्यांत जेनचा पक्ष कोसळला आणि कॅथरिनची मुलगी मेरी राणी झाली. जिला त्याने वीस वर्षांपूर्वी एका निवाड्याने अनौरस ठरवले होते, तीच ही मेरी.

मित्रांना त्याने पळून जाण्याचा सल्ला दिला, स्वतः मात्र हलला नाही. सप्टेंबरात त्याला अटक झाली, राजद्रोहाबद्दल मृत्युदंड सुनावला गेला, आणि पुढच्या वर्षी रिडली व लॅटिमर या बिशपांसह त्याला ऑक्सफर्डच्या तुरुंगात नेण्यात आले. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी त्या दोघांना जाळले. ते त्याला वरून पाहावे लागले.

मग सुरू झाला एकांत, समजावणारे स्पॅनिश धर्मगुरू, आणि त्याचाच जुना सिद्धांत. राजा सांगेल ते मंडळीने ऐकावे, असे तू शिकवलेस ना? मग आता कायदेशीर राणीने आणि संसदेने पोपची सत्ता परत आणली आहे. तू ऐकणार की नाही? त्याचे पहिले कबुलीपत्र नेमके एवढेच म्हणते, की राज्यसत्तेने पोपला मानले आहे, म्हणून मीही मानतो. पण खालच्या पायरीवर कोणी त्याला थांबू दिले नाही. १५५६ च्या आरंभीच्या आठवड्यांत त्याने एकामागून एक सहा कबुलीपत्रांवर सह्या केल्या, आणि शेवटच्या पत्रांत आपले सारे लेखन आणि शिकवण त्याने धिक्कारली. पेत्राच्या नाकारण्याशी याची तुलना पुष्कळजण करतात. मला ती पुरती पटत नाही. पेत्र एका रात्री, दासीच्या प्रश्नाने गडबडून बोलला. क्रॅन्मरने मसुदे वाचून, विचार करून, हाती लेखणी धरून लिहिले. भीती होती, म्हातारपण होते, एकटेपण होते, आणि आपण तेव्हापर्यंत कशावर उभे होतो हाच प्रश्न त्याच्या मनात उलटून आला होता.

पश्चात्ताप करणाऱ्या पाखंड्याला रिवाजाप्रमाणे जाळीत नसत. मेरीने मात्र त्याची शिक्षा माफ केली नाही.

२१ मार्च १५५६ ची सकाळ पावसाची होती, म्हणून अखेरचे प्रवचन सेंट मेरी चर्चच्या आत झाले. क्रॅन्मरला चौथऱ्यावर उभे केले. त्याने काय बोलायचे ते आधी ठरलेले होते, आणि बराच वेळ तो ठरल्याप्रमाणे बोलला. प्रार्थना केली, लोकांना उपदेश केला. मग तो मजकूर सोडून बोलू लागला. मरणाच्या भयाने, मनाविरुद्ध ज्या कागदांवर आपण सह्या केल्या ते सारे त्याने नाकारले. पोपची सत्ता नाकारली. आणि सांगितले, की ज्या हाताने मनाविरुद्ध लिहिले त्याला शिक्षा आधी होईल. गलका झाला. त्याला खाली ओढले. वधस्तंभाकडे नेताना तो इतक्या झपाझप चालला की बरोबरच्यांना त्याला गाठणे जड गेले. ज्वाळा वर येताच त्याने उजवा हात त्यांत धरला.

दुसऱ्याच दिवशी कार्डिनल रेजिनल्ड पोल याची कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून प्रतिष्ठापना झाली. पोल आणि राणी मेरी दोघेही १७ नोव्हेंबर १५५८ या एकाच दिवशी वारले. एलिझाबेथ गादीवर आली. ती ॲन बोलिनची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी क्रॅन्मर तिचा धर्मपिता झाला होता. १५५९ साली तिने थोड्या फेरफारांसह त्याचे पुस्तक परत आणले. आणि मार्गारेट? तिने पुढे एडवर्ड व्हिटचर्च याच्याशी विवाह केला. हा लंडनचा मुद्रक. १५४९ चे प्रार्थनापुस्तक छापणाऱ्यांपैकी तो एक होता.