सुभेदार मल्हारराव होळकर : रणधुरंधर आणि कुटुंबवत्सल

माळव्यात, बुंदेलखंडात किंवा राजस्थानात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सुभेदार मल्हारराव होळकरांचे नाव नवे नाही. त्यांच्या स्वाऱ्यांवर व तहनाम्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अर्धशतक घोड्यावर काढणाऱ्या या वीराचे मन घरात किती गुंतलेले होते, याचे स्मरण त्या मानाने कमी होते.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीराकाठच्या होळ गावी एका साध्या धनगर कुटुंबात झाला. होळकर हे उपनाम त्या गावावरूनच आले. वडील खंडूजी लवकर निवर्तले आणि पोरक्या मुलाला घेऊन आई खानदेशात तळोद्याला आपल्या भावाच्या आश्रयास गेली. मामा भोजराज बारगळ हे सरदार कदम बांडे यांच्या पदरी घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. मामांच्या छत्राखाली मेंढरांमागे हिंडणारा मुलगा भाला पेलू लागला. पुढे इ. स. १७१७ मध्ये मामांनी आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली.

थोरल्या बाजीरावांच्या सेवेत येताच मल्हाररावांचे भाग्य उजळले. इ. स. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाची रसद तोडून त्याला कोंडीत पकडण्यात त्यांच्या स्वारांचा मोठा वाटा होता. माळव्याचा अंमल, १७३७ मधील दिल्लीवरील धडक, १७३९ मधील वसईचा विजय आणि १७५८ मधील लाहोरपर्यंतची मजल, या साऱ्या प्रसंगी ते आघाडीवर होते.

परंतु वैभव लाभले तरी त्यांनी घराला गौण मानले नाही. इ. स. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर करून देण्यात आली. दौलतीच्या उत्पन्नापासून निराळे असे हे उत्पन्न सर्वस्वी घरच्या स्त्रीच्या अधिकारातले होते. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, मंदिरे व धर्मशाळा उभारल्या, त्यांना आधार याच खासगीचा होता.

चौंडीच्या माणकोजी शिंदे यांच्या या कन्येला मल्हाररावांनी इ. स. १७३३ मध्ये सून करून घरी आणले. एकुलते एक पुत्र खंडेराव यांचा तो विवाह. नातू मालेराव व नात मुक्ताबाई यांच्या जन्माने घर भरले. परंतु मार्च १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. एकसष्ट वर्षांच्या पित्याला मुलाचा देह रणभूमीवर पाहावा लागला. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्याने त्यांच्यापुढे पदर पसरून आपल्या म्हातारपणाचा आधार तुटू देऊ नये अशी विनवणी केली, असे परंपरा सांगते. त्या थांबल्या.

मल्हाररावांनी सुनेला देवघरात बसवून ठेवले नाही. जमाखर्च, न्यायनिवाडा, फौजेची रसद, सारे त्यांच्या हाती सोपविले. इ. स. १७६५ च्या सुमाराच्या त्यांच्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरच्या वाटेस लागावे, गोळे तयार करवावेत, अशा आज्ञा आढळतात. एखाद्या कर्त्या मुलाला लिहावे तशीच ही पत्रे आहेत.

त्यांचे चरित्र निष्कलंक होते असे मात्र म्हणता येणार नाही. नजीबखानाला त्यांनी पाठीशी घातले आणि त्याची किंमत मराठ्यांना मोजावी लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ते आपल्या फौजेसह रणांगणातून बाहेर पडले. त्याबद्दल त्यांना दोष देणारे व त्यांचे समर्थन करणारे, असे दोन्ही पक्ष इतिहासकारांत आहेत. त्याच वर्षी गौतमाबाईही गेल्या. या आघातांनंतरही वर्षअखेर मांगरोळच्या लढाईत जयपूरच्या फौजेचा पराभव करून या वृद्ध सेनानीने उत्तरेतील मराठ्यांचा डोलारा सावरून धरला.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे, घरापासून दूर छावणीतच, त्यांनी देह ठेवला. वर्ष पुरे होण्याआधीच मालेरावही वारले. पुत्र गेला, नातू गेला. होळकरांची दौलत आता बुडणार असे अनेकांना वाटले. परंतु कुंभेरच्या चितेपासून मागे वळविलेल्या सुनेने १७९५ पर्यंत ती अशी सांभाळली, की आजही तिच्या राज्यकारभाराचा दाखला दिला जातो.

आलमपूरला अहिल्याबाईंनी उभारलेली सासऱ्यांची छत्री आहे. मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्यातले हे गाव आडवाटेला आहे. पण उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलाबाळांसह एकदा तेथे जावे. नीराकाठचा एक पोरका मुलगा कोठवर पोहोचला आणि जाताना आपले सारे कोणाच्या हाती विश्वासाने सोपवून गेला, हे मुलांना तेथे उभे राहून सांगता येईल.