नामदार गोखले आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव १५ रुपयांच्या नोकरीतून दरमहा ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन, भारत सेवक समाज ही त्यांची पुढील कार्ये सर्वश्रुत आहेत. त्यांच्या एका पराभवाचे स्मरण मात्र क्वचितच होते.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अत्यंत माफक होती. ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शिक्षणाची सक्ती, तीही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची संमती असेल तेथेच. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा. दरमहा १० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ. मुलींना तूर्त सक्तीतून वगळले होते, हे आज खटकते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच सक्ती लागू केली होती. जे एका संस्थानाला साधले, ते साम्राज्याला परवडेना!

सरकारने करवाढीचे व लोकांची मागणी नसल्याचे कारण पुढे केले. एतद्देशीय जमीनदार सभासदही विरोधात गेले. कुळांची मुले शाळेत गेली तर शेतावर राबणार कोण, ही धास्ती त्यामागे होती. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. निकाल गोखल्यांना आधीच ठाऊक होता. तरीही त्यांनी आक्षेपांना सविस्तर उत्तरे दिली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा संमत झाला.