प्रश्नांना उत्तरे देण्याचा गुन्हा

कोपरी (ठाणे) : ठाणे स्थानकात उतरून कोपरीकडे वळणारा नोकरदार असो की त्याच गाडीने पुढे डोंबिवली-कल्याणला जाणारा, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या बारक्या जाहिराती त्याच्या चांगल्या परिचयाच्या असतात. गुप्तरोग, स्वप्नदोष, शीघ्रपतन, नामर्दपणा, लग्नापूर्वीची भीती. आणि शेवटी हमखास व कायमचा इलाज, संपूर्ण गुप्तता पाळून. खरवडून काढल्या तरी काही दिवसांनी नव्या उगवतात. वैदू कुणीही असो, त्याचे भांडवल एकच असते. वाचणाऱ्याच्या मनातली भीती आणि ती कुणापाशी बोलून दाखवण्याची चोरी. या भांडवलावर स्वतःच्या नावानिशी, महिन्यामागून महिने, तब्बल सव्वीस वर्षे घाव घालणारा एक गणिताचा प्राध्यापक मुंबईत होऊन गेला. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचे नाव.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुडचा, म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडचा. १८९१ मध्ये आई राधाबाई गेल्या आणि दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळी हे केवढे धाडस होते, हे बहिष्कार सोसणाऱ्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला निराळे सांगावे लागले नसेल. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत रघुनाथ पहिले आले. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग गणिताची प्राध्यापकी. वडिलांची कीर्ती वाढत गेली, मुलाच्या वाट्याला मात्र महर्षींचा विक्षिप्त मुलगा एवढीच ओळख आली आणि ती दीर्घकाळ टिकली.

१९१९ च्या सुमारास ते गणिताच्या पदविकेसाठी पॅरिसला गेले. तिथे गणिताबरोबर लैंगिक शास्त्रावरचे फ्रेंच साहित्यही त्यांनी वाचून काढले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. डॉ. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुरू झाले होते, आणि अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये उघडलेले पहिले केंद्र पोलिसांनी दहा दिवसांच्या आत बंद पाडले होते. या पार्श्वभूमीवर गिरगावच्या मध्यमवर्गीय वस्तीतला हा उद्योग किती काळापुढचा होता, याची कल्पना येते. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले. कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला प्राध्यापकाचा हा जोडउद्योग मानवणारा नव्हता. प्रचार की नोकरी असा प्रश्न उभा राहिला आणि १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. पॅरिसला जाऊन आलेल्या गणितज्ञाला त्यानंतर उत्पन्नाची शाश्वती कधीच लाभली नाही.

या साऱ्यात पत्नी मालतीबाईंचा वाटा नुसत्या सहधर्मचारिणीचा नव्हता. मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांचा होता. कर्वे यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करवून घेतली. आज शंभर वर्षांनंतरही जे करताना पुरुष कचरतात, ते त्यांनी त्या काळात केले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे याबाबत पुरेसे बोलके आहेत. देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. मागे भीती तीच जुनी, की पुरुषत्व जाते, अंगातली ताकद जाते, जड काम झेपत नाही. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी तेवढी तोडतात. वृषणात तयार होणारे पुरुषी संप्रेरक सरळ रक्तात मिसळते, त्याच्या वाटेला कोणी जात नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा भाग जेमतेम काही टक्के असल्याने स्खलनातही फरक जाणवत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच, की नलिकेत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असल्याने सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि तपासणी करून खात्री करावी लागते.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक, लेखक, मुद्रितशोधक, हिशेबनीस आणि टपालात अंक टाकणारा, सारे बहुतांशी एकच गृहस्थ. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नतेत लाजण्यासारखे काही नाही ही संपादकाची भूमिका, पण अंक घरात उघड ठेवण्याची सोय त्यामुळे उरली नाही, हेही खरे. आत लेख, परीक्षणे, ‘शारदेची पत्रे’सारखे खोचक सदर, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. मासिकाचा जीव होता तो या उत्तरांत. ज्या गोष्टी मुलगा बापाला, बायको नवऱ्याला आणि रोगी डॉक्टरला विचारू शकत नव्हता, त्या इथे विचारल्या जात आणि त्यांना साध्या मराठीत, कसलाही आडपडदा न ठेवता उत्तर मिळे.

या प्रश्नांत मोठा भाग वीर्यनाशाच्या भीतीचा. आयुर्वेदातील सप्तधातूंच्या कल्पनेनुसार अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सर्वांत शेवटी शुक्र बनते. लोकव्यवहारात याचे रूपांतर रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब, या हिशेबात झाले. मग झोपेतले स्खलन म्हणजे आयुष्य गळून जाणे, हस्तमैथुन म्हणजे क्षय, अंधत्व, वेड. हे खूळ एकट्या आपल्याकडचेच होते असे समजण्याचे कारण नाही. तिसो या स्विस डॉक्टरने १७६० मध्ये हस्तमैथुनाच्या तथाकथित दुष्परिणामांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे युरोपातील वैद्यक त्याच्या छायेत वावरले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये उभे राहिले, तेव्हाही वेडाच्या कारणांत या सवयीची गणना करणारे डॉक्टर जगात थोडेथोडके नव्हते. म्हणजे घाबरलेल्या तरुणाला इकडे ब्रह्मचर्याचा उपदेश आणि तिकडे विलायती पदवीचा धाक, अशी दुहेरी कोंडी होती.

शरीराचा व्यवहार मात्र फार साधा आहे. वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि पूरस्थ ग्रंथी यांतील स्राव असतो, त्याचा रक्ताच्या साठ्याशी जमाखर्च नसतो. शुक्रजंतू वयात आल्यापासून अखंड बनत राहतात. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, आणि बाहेर न पडलेले शरीर स्वतःच जिरवून टाकते. साठवून ओज वाढत नाही आणि गेल्याने काही आटत नाही. हस्तमैथुनामुळे सांगितले जाणारे रोग होत नाहीत, हे कर्वे यांनी पुनःपुन्हा लिहिले. खरा आजार असतो तो भीतीचा. धातू जात असल्याच्या चिंतेने थकवा, निद्रानाश आणि उदासीनता येणाऱ्या रुग्णांचे वर्णन भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये केले आणि जागतिक वैद्यकात ‘धात’ हा आपला शब्द रुजला. अभिमान बाळगावा असे ते योगदान नव्हे.

काही समजुती याहून जीवघेण्या होत्या. कुमारिकेशी संबंध केल्याने परमा किंवा उपदंश बरा होतो, ही त्यांतली सर्वांत भीषण; तिने रोग तर बरा झालाच नाही, उलट तो निरपराध मुलींच्या अंगात भिनला. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक कर्वे यांनी लिहिले, तेव्हा पेनिसिलिन उपलब्ध व्हायला बराच अवकाश होता. त्यामुळे योग्य माहिती आणि निरोध हाच खरा बचाव होता. संततिनियमनाबाबत तर डॉक्टरही चाचपडत होते. एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टर दोन पाळ्यांमधले मधले दिवस सुरक्षित म्हणून सांगत. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांच्या १९२० च्या दशकातील संशोधनाने स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटते, हे दाखवून दिले. म्हणजे गर्भ राहू नये म्हणून जे दिवस निवडायला सांगितले जात होते, ते नेमके गर्भ राहण्याचे होते. त्या सल्ल्यावर विसंबलेल्या बायकांची किती बाळंतपणे वाढली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

संततिनियमनाला देशात विरोध करणारी माणसे लहानसहान नव्हती. महात्मा गांधींना संयमाखेरीज दुसरा मार्ग मान्य नव्हता. कर्वे यांना हा उपाय अव्यवहार्य आणि स्त्रीवर अन्याय करणारा वाटे. कामसुख हा स्त्रीचाही हक्क आहे, बाळंतपणाच्या भीतीतून ती मुक्त झाल्याखेरीज तो हक्क तिला मिळणार नाही, हे त्यांच्या साऱ्या लेखनाचे सूत्र आहे. अडाण्याला शहाणे करण्याच्या कामात गोडी लागत नाही, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. त्यांची भाषा रोखठोक, बरेचदा टोचणारी. मित्र जोडण्यासाठी ती फारशी उपयोगाची नव्हती.

व्हायचे तेच झाले. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. दुसऱ्या खटल्याचे स्वरूप अधिक लक्षणीय होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना अटक झाली ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. विषय हस्तमैथुन आणि समलैंगिकता. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून देशपातळीवर पोचलेल्या नेत्याने असल्या खटल्यात उभे राहणे राजकीयदृष्ट्या सोयीचे नव्हते. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा, की लोक लैंगिक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. ते विकृत ठरवून गप्प बसवण्याने ज्ञान वाढत नाही. समलैंगिकता ही काहींची नैसर्गिक प्रवृत्ती असते, यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला.

त्याच काळात ताकदीच्या गोळ्या आणि वीर्यवर्धक पाकांच्या जाहिराती देशी भाषांतल्या वृत्तपत्रांत राजरोस झळकत होत्या. गैरसमज विकणाऱ्याला मोकळीक आणि तो खोडणाऱ्याला आरोपीचा पिंजरा, असा हा न्याय होता. याच डॉ. आंबेडकरांच्या वतीने १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. तोही नामंजूर झाला. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हे म्हणायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

कर्वे यांची सगळीच मते आज स्वीकारावीत अशी नाहीत. त्यांच्या हयातीनंतर गर्भनिरोधक गोळी आली, तांबी आली, प्रतिजैविकांनी गुप्तरोगांचे चित्र पालटले. त्यामुळे ‘आधुनिक कामशास्त्र’ (१९३४) मधील कितीतरी भाग आता केवळ इतिहास म्हणून वाचावा लागतो. दुर्बळांची प्रजा वाढू नये, या त्या काळी जगभर प्रतिष्ठा पावलेल्या विचाराचा ठसाही त्यांच्या लेखनात सापडतो, आणि तो आज खटकतो. पण चूक दाखवून द्यायची तर शास्त्राच्याच आधारे दाखवता येते, एवढी स्वच्छ मांडणी त्यांनी करून ठेवली आहे.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. केंद्र आणि मासिक यांचा संसार त्यानंतर रघुनाथरावांनी एकट्याने ओढला. वर्गणीदार मोजके, जाहिराती नाहीत, कागदाची महागाई. तरी अंक निघत राहिला. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला, तेव्हा या कामाला एकतीस वर्षे झाली होती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. महर्षी कर्वे तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला मोठी शासकीय मान्यता आली नाही, पण मराठी माणूस त्यांना अगदीच विसरला असेही म्हणता येत नाही. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये आला, आणि अजित दळवी यांनी लिहिलेले, अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये. या दोहोंच्या मध्ये, २००७ साली, महाराष्ट्रातील शाळांतून लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम गदारोळ होऊन थांबवला गेला, हाही त्याच राज्याचा इतिहास.

कर्वे गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, जादुई औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा संसदेने केला. कामशक्ती वाढवण्याचा आणि गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात त्याने गुन्हा ठरवली. स्त्रीला गर्भ राहू नये म्हणून औषध सुचवणारी जाहिरातही त्याच कलमात आली. कायदा अजून लागू आहे, आणि लोकलच्या डब्यातले ते कागदही.