जेम्स ब्रेडवुड : आगीशी लढण्याचे शिक्षण देणारा पहिला गुरू

माळव्यातील देवास हे नगर संस्थानी काळात एका विलक्षण व्यवस्थेसाठी प्रसिद्ध होते. १७२८ मध्ये तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंनी तेथे राज्य स्थापन केले आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. गाव एक, पण राजे दोन, दरबार दोन आणि कारभारही दोन. गावातून जाणारा मुख्य रस्ता ही दोहोंमधली हद्द होती. महसूल, न्यायदान आणि मानपान वाटून घेता येतात. आग मात्र वाटून घेता येत नाही. वैशाखाच्या वाऱ्यात एखादे छप्पर पेटले, तर ठिणगीने रस्त्याच्या कोणत्या बाजूस पडावे हे कोणताही दरबार ठरवू शकत नाही.

देवासची गोष्ट संस्थानी राजकारणाची होती. पण त्याच काळात लंडनसारख्या बलाढ्य शहरात आगीच्या बाबतीत याहून मोठी वाटणी झालेली होती. तेथे आग विझवण्याचे काम सरकारकडे नव्हते. ते विमा कंपन्यांकडे होते. प्रत्येक कंपनीचे बंब वेगळे, माणसे वेगळी, गणवेशही वेगळे. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकलेला असे आणि कंपनीच्या माणसांचे पहिले लक्ष आपल्या बिल्ल्याच्या घराकडे असे. ही विस्कळीत व्यवस्था एका सूत्रात आणण्याचे आणि आग विझवणे हा शिकून करण्याचा व्यवसाय आहे, हे जगाला पटवून देण्याचे श्रेय ज्या पुरुषाकडे जाते, त्याचे नाव जेम्स ब्रेडवुड.

ब्रेडवुड यांचा जन्म १८०० मध्ये स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे झाला. वडील फर्निचर आणि बांधकामाच्या व्यवसायात होते. शहरातील नामवंत रॉयल हायस्कूलमधील शिक्षण संपल्यावर जेम्स वडिलांच्याच व्यवसायात शिरले. तुळई किती भार पेलते, भिंत कोठे कच्ची राहते, दोन मजल्यांमधील पोकळीतून हवा कशी खेळते, जिना कोणत्या भिंतीला टेकतो, या गोष्टी त्यांनी उमेदवारीच्या वयातच जाणून घेतल्या. पुढे त्यांच्या सर्व कामाचा पाया हेच ज्ञान ठरले. जळते घर कोठून कोसळेल हे सांगायचे असेल, तर ते उभे कसे राहिले हे आधी ठाऊक असावे लागते.

१८२४ मध्ये एडिंबरा शहराने स्वतःचे अग्निशमन पथक उभारण्याचे ठरवले आणि त्याच्या प्रमुखपदी अवघ्या चोवीस वर्षांच्या ब्रेडवुड यांची नेमणूक केली. नगराने चालवलेल्या आधुनिक अग्निशमन दलांच्या इतिहासात या पथकाला पहिल्या रांगेतले स्थान आहे. पण नव्या प्रमुखाला तयारीसाठी वेळ मिळाला नाही. नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच, १५ नोव्हेंबर १८२४ रोजी, जुन्या शहरातील एका खोदकाम कारागिराच्या कारखान्यात आग लागली. उंच, दाटीवाटीच्या इमारती आणि अरुंद बोळ यांमुळे ती पसरतच गेली. कित्येक दिवस शहर धुमसत राहिले. ट्रॉन चर्चचा लाकडी मनोराही जळाला. शेकडो कुटुंबे बेघर झाली आणि अनेकांचे प्राण गेले.

या संकटात मनुष्यबळ कमी नव्हते. हुकूम देणारे मात्र फार होते. नगराचे अधिकारी, न्यायाधीश, प्रतिष्ठित नागरिक असे सारेच घटनास्थळी येऊन आपापल्या परीने आज्ञा सोडत होते. एकाने बंब पुढे न्यायला सांगावे, तर दुसऱ्याने तो मागे घ्यायला लावावा. अर्धवट शिकलेले नवे पथक या गोंधळात सापडले. आग शमल्यावर विचारविनिमय झाला, तेव्हा दोष तरुण प्रमुखावर आला नाही. आगीच्या ठिकाणी हुकूम एकाच माणसाचा चालेल आणि तो माणूस पथकाचा प्रमुखच असेल, हे तत्त्व त्या अनुभवातून पक्के झाले. आज जगभर पाळला जाणारा हा नियम एका शहराने एवढी मोठी किंमत मोजून शिकला आहे.

त्यानंतरची सुमारे आठ वर्षे ब्रेडवुड यांनी प्रशिक्षणाला वाहिली. माणसे निवडतानाच त्यांची दृष्टी दिसून येई. गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे आणि छपरावर पाट्या बसवणारे कारागीर त्यांनी पथकात घेतले. छपरावर चालण्याची सवय असलेला माणूस उंचीला घाबरत नाही आणि सुताराला कोणती तुळई पायाखाली धरेल हे न सांगता कळते. ही माणसे आपापला धंदा सांभाळून पथकात काम करीत. त्यांची कवायत आठवड्यातून एकदा पहाटे चारच्या सुमारास होई. त्या वेळी रस्ते मोकळे असत. शिवाय अंधारात, थंडीत आणि झोपेतून उठून केलेला सराव हाच खऱ्या प्रसंगाच्या सर्वांत जवळचा असतो. बंबांच्या आवाजात आणि लोकांच्या आरडाओरड्यात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून शिटीच्या ठरावीक खुणांनी हुकूम देण्याची पद्धत त्यांनी बसवली.

त्यांच्या शिकवणीतील मुख्य सूत्र साधे होते. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर पाणी मारणे व्यर्थ आहे. पाणी जळत्या वस्तूवर पडले पाहिजे आणि त्यासाठी आत शिरले पाहिजे. आत शिरणे धोक्याचे, म्हणून त्याचे नियम हवेत. एकट्याने आत जायचे नाही, सोबती हवाच. धुराने भरलेल्या खोलीत उभे राहायचे नाही. जमिनीलगत काही इंच थरात हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते, म्हणून रांगत जायचे. नाकातोंडावर ओले कापड धरायचे. आगीला हवा मिळू नये म्हणून दारे-खिडक्या विनाकारण उघडायच्या नाहीत. आज शाळांमधून मुलांना जे शिकवले जाते, त्याचा बराचसा गाभा दोनशे वर्षांपूर्वीच्या या कवायतींत सापडतो.

ब्रेडवुड स्वतः मागे राहणारे नव्हते. जळत्या इमारतीत बंदुकीची दारू आहे असे कळताच त्यांनी सहकाऱ्यांना आत पाठवले नाही. स्वतः आत जाऊन ती दारू बाहेर काढली. मात्र आपल्या धाडसाची कीर्ती व्हावी, यापेक्षा आपले ज्ञान दुसऱ्यांच्या हाती पडावे याची त्यांना अधिक ओढ होती. १८३० मध्ये त्यांनी बंबांची रचना, साहित्य, जवानांचे प्रशिक्षण आणि आगीच्या वेळची कार्यपद्धती यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषेत या विषयावरचा हा पहिला पद्धतशीर ग्रंथ मानला जातो. तोवर ही विद्या अनुभवी माणसाबरोबर जन्मे आणि त्याच्याबरोबरच मरे. ती कागदावर उतरली आणि एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला वापरता येऊ लागला.

या ग्रंथाने लंडनचे लक्ष वेधले. तेथील प्रमुख विमा कंपन्यांनी आपापली पथके एकत्र करून एक संयुक्त दल उभारायचे ठरवले आणि १८३३ च्या आरंभी त्याची सूत्रे ब्रेडवुड यांच्या हाती दिली. सुमारे ऐंशी पगारी जवान आणि कोट्यवधींची मालमत्ता असलेले अफाट शहर, असा तो विषम सामना होता. येथे त्यांनी भरतीसाठी खलाशांना पसंती दिली. शिस्त, दोरावर चढण्याची सवय आणि रात्री-अपरात्री उठून कामाला लागण्याची तयारी खलाशांच्या अंगी आधीपासूनच असते.

१६ ऑक्टोबर १८३४ च्या संध्याकाळी ब्रिटिश संसदेची इमारत पेटली. हिशेबाच्या जुन्या लाकडी पट्ट्या भट्टीत जाळताना ही आग लागली होती. सरकारी इमारतीचा विमा नसल्याने ती वाचवण्याचे बंधन या दलावर नव्हते. तरीही ब्रेडवुड आपले बंब घेऊन धावले. संसदेचा बहुतांश भाग गेला. पण शेकडो वर्षांचे वेस्टमिन्स्टर हॉल हे सभागृह वाचले. एवढ्या प्रचंड हानीनंतरही सरकारने अग्निशमनाची जबाबदारी आपल्याकडे घेतली नाही. विमा कंपन्या हे काम करीत आहेत, एवढे राज्यकर्त्यांना पुरेसे वाटले.

पुढील पंचवीस वर्षे ब्रेडवुड दोन आघाड्यांवर लढत राहिले. एक आघाडी रोजच्या आगींची होती, दुसरी समजुतीची. प्रचंड वखारींविषयी ते वारंवार सावध करीत. एका छताखाली अमर्याद माल साठवू नका. मधे जाड भिंती घाला. लोखंडी खांब आगीत भरवशाचे नसतात, तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी पडले की ते तडकते. अभियंत्यांच्या सभांतून आणि विद्वत्मंडळांतून त्यांनी आगप्रतिबंधावर निबंध वाचले. ऐकणाऱ्यांनी त्यांचा आदर केला. वखारी मात्र वाढतच राहिल्या.

२२ जून १८६१ रोजी, शनिवारी, थेम्सच्या काठी टूली स्ट्रीटजवळच्या एका वखारीत धूर दिसला. अंबाडी, ताग, कापूस, साखर, चरबी आणि मसाले असा माल तेथे ठासून भरलेला होता. अंबाडीच्या गासड्या आतल्या आत तापून पेटल्या असाव्यात, असा कयास झाला. वखारींच्या भागांमध्ये आग अडवण्यासाठी लोखंडी दारे बसवलेली होती. पण ती उघडी राहिली होती. आग एका दालनातून दुसऱ्यात विनासायास शिरली. नदीला ओहोटी होती, त्यामुळे पाण्यावरचे बंब जवळ येऊ शकत नव्हते. संध्याकाळी ब्रेडवुड आपल्या थकलेल्या जवानांची विचारपूस करीत फिरत असताना एका वखारीची भिंत फुगून कोसळली आणि ते तिच्याखाली गाडले गेले. त्यांचा देह हाती लागायला काही दिवस लागले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे गेले.

२९ जूनला निघालेली अंत्ययात्रा सुमारे दीड मैल लांब होती आणि शहरातील चर्चच्या घंटा वाजत होत्या. विमा कंपन्यांनी हा भार यापुढे आपल्याला झेपणार नाही, असे सरकारला कळवले. अखेर १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ च्या आरंभी लंडनचे सार्वजनिक अग्निशमन दल अस्तित्वात आले. जिवंत ब्रेडवुड जे पटवू शकले नाहीत, ते त्यांच्या मृत्यूने पटवले.

या चरित्राचा बोध केवळ शौर्याचा नाही. ब्रेडवुड यांचे जवान उत्तम शिकलेले होते. त्यांच्यात उणीव नव्हती. शिकलेली नव्हती ती वखारीतील माणसे. लोखंडी दार बसवायला पैसा पुरतो. ते रोज संध्याकाळी बंद करायला सवय लागते आणि सवय कोणीतरी शिकवावी लागते. अग्निशमन दलाचे प्रशिक्षण ही अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी लढाई घर, दुकान, शाळा आणि कारखाना येथील सामान्य माणसाला शिकवण्याची आहे. त्यासाठी लागणारा शिक्षकही आपोआप तयार होत नाही. आग विझवता येणे वेगळे आणि आग न लागण्याची सवय दुसऱ्याच्या अंगी बाणवणे वेगळे. गृहिणीला गॅसचा वास आल्यावर विजेचे बटण का दाबू नये, आधी खिडकी का उघडावी आणि नळी किती दिवसांनी बदलावी, हे तिच्या भाषेत, तिला न घाबरवता समजावणे ही स्वतंत्र विद्या आहे.

भारतानेही हा धडा मोठी किंमत देऊन गिरवला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र असताना आग लागली. ती विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यापुढील सप्ताहात जनजागृती होते. १९५६ मध्ये रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. तेथून शिकून गेलेले अधिकारी देशभर काम करीत आहेत. परंतु वस्तीवस्तीत जाऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांची फळी अजून विरळ आहे.

दोन पात्यांचे देवास १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि रस्त्यातली हद्द इतिहासजमा झाली. आज ते औद्योगिक नगर आहे. त्या जिल्ह्याला लागून, नर्मदेपलीकडे, हरदा जिल्हा आहे. तेथे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेकांचे बळी गेले. दारूकाम आणि वस्ती जवळजवळ नांदत असेल, तर बंब कितीही वेगाने आला तरी उशीरच होतो. हीच गोष्ट किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या शाकारणीला आणि जुन्या घरांच्या लाकडी माळ्यालाही लागू पडते.

एडिंबरामध्ये ब्रेडवुड यांचा पुतळा २००८ मध्ये उभारण्यात आला. पण त्यांचे खरे स्मारक पहाटे चारच्या त्या कवायतीत आहे. आग लागण्याच्या कितीतरी आधी, कोणी पाहत नसताना, जे शिकले जाते तेच आगीच्या वेळी उपयोगी पडते. आता ही कवायत बंबखान्याच्या आवारातून बाहेर पडून शाळेच्या पटांगणात, बाजारात आणि स्वयंपाकघरात पोहोचायची आहे. ती तेथे नेणाऱ्या शिक्षकाला आधी शिकवणे, हे राज्यांचे आणि नगरपालिकांचे काम आहे.