अणुऊर्जेमुळे ओळखले जाणारे होमी भाभा, पण देशी इलेक्ट्रॉनिक्सचा पायाही त्यांनीच रचला

समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरताना टोलचे पैसे आपोआप कापले जातात, कारण काचेवरच्या फास्टॅगमध्ये एक चिप असते. एसटी कंडक्टरच्या हातातलं तिकीट मशीन, घरातलं डिजिटल वीजमीटर, टीव्हीचा रिमोट, सगळीकडे अशाच बारक्या चिप. आणि आपण वापरतो त्यातल्या बहुतेक चिप बाहेरच्या देशातून येतात.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, यासाठी साठेक वर्षांपूर्वी एक माणूस कामाला लागला होता. डॉ. होमी जहांगीर भाभा.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईतल्या एका पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील वकील, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. पोराने इंजिनीअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांच्या मनात होतं. त्यासाठी १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं. पण तिथे ते भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडले. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण. १९३० मध्ये भाभांनी तो आणला आणि मग आपली वाट धरली.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून सी. व्ही. रामन यांच्याकडे बंगळुरात रुजू झाले. तिथेच त्यांचा विचार पक्का झाला की आता इथेच काहीतरी उभं करायचं. १२ मार्च १९४४ ला त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर सुरू झाली.

आता यात इलेक्ट्रॉनिक्स कुठून आलं?

तर अणूतले कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजायला काउंटर लागतात, बारीक सिग्नल मोठे करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतात. दरवेळी परदेशातून मागवायचं तर परकीय चलन हवं आणि मशीन बिघडलं की काम ठप्प. म्हणून भाभांनी उपकरणं इथेच बनवायला लावली. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. तिचं इंधन ब्रिटनचं होतं, पण कंट्रोल सिस्टिम आपल्या माणसांनी बनवलेली होती.

त्याच काळात टीआयएफआरमध्ये एक कॉम्प्युटर तयार होत होता. टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६० मध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू झाला.

१९६२ च्या चीन युद्धाने देशाचं डोळे उघडले. रेडिओ, रडार, दळणवळण, सगळ्याचा जीव इलेक्ट्रॉनिक्समध्ये. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली आणि अध्यक्ष केलं भाभांना. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे सदस्य. दहा वर्षांत देश इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वतःच्या पायावर कसा उभा राहील, याचा आराखडा या समितीने मांडला.

अहवाल १९६६ चा. पण तो राबवून घ्यायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला जाताना त्यांचं एअर इंडियाचं विमान मॉन्ट ब्लांकवर कोसळलं. ११७ जण गेले. घातपाताच्या गोष्टी आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पण फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष वेगळा होता. विमानातलं दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होतं आणि पायलटचा डोंगरापासूनच्या अंतराचा अंदाज चुकला.

भाभांनी लावलेलं सगळंच वाया गेलं नाही. तुर्भ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातूनच १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ च्या सुमारास चिप बनू लागल्या, पण १९८९ मध्ये तिथे आग लागली आणि गाडी रुळावर यायला कित्येक वर्षं गेली. चिपच्या धंद्यात तेवढ्या वेळात जग कुठच्या कुठे जातं.

१३ मार्च २०२४ ला गुजरातमधल्या धोलेरा इथे टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. भाभांच्या त्या पत्राला आदल्याच दिवशी ८० वर्षं झाली होती.

कारखाना पैशाने उभा राहतो. पण बिघडलेलं मशीन स्वतः उघडून दुरुस्त करणारी माणसं आधी तयार करावी लागतात. भाभांनी सुरुवात तिथून केली होती.